सत्ताविसावा ठोकळा

"मुळा असा सोलतात का कुणी?"

दानबीच्या मनात आलं ते तोंडूनही निघून गेलं, आणि मग तिने जीभ चावली. ती आपली गरम पाणी मागायला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आत ओट्यापाशी एक उंच माणूस, बाह्या कोपरापर्यंत सारून, मांडीएवढ्या जाड मुळ्याला असा काही तासत होता की सालीबरोबर निम्मा मुळाही टोपलीत चालला होता.

"मग कसा सोलतात?" त्याने वळूनही न बघता विचारलं.

"साल काढतात. मुळा ठेवतात."

"अरेच्चा… मला वाटलं उलटं."

तो वळला. गालाला सालीचा एक ओला तुकडा चिकटलेला, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. दानबीला हसू आलं. वर्षभरात असं नकळत हसू आलेलं तिला आठवत नव्हतं.

"आज आलात ना? तपासायला?" तो म्हणाला. "मी चौदा दिवस आत आहे. चौदा दिवसांनी माणूस मुळा सोलायलाही आनंदाने येतो, बघालच तुम्ही. मावशी, ह्या मॅडम मला शिकवायला आल्यात."

"शिकव गं बाई, शिकव," पातेल्यावरचं झाकण उचलत स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या. "याच्या हाती ठेवले तर कोठीतले मुळे परीक्षेपर्यंत पुरायचे नाहीत."

दानबी मो ही मोक्पो बंदरातल्या एका शाळेत गणित शिकवायची. वय एकतीस. प्रांताच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी प्रश्न काढणारे आणि ते तपासणारे, अशा सगळ्यांना दरवर्षी कुठल्यातरी डोंगरातल्या विश्रामगृहात कोंडून ठेवतात. परीक्षेची शेवटची घंटा होईपर्यंत फाटक उघडत नाही. फोन दारातच पिशवीत जमा होतात. खिडक्यांच्या काचांवर कागद. स्वयंपाकघरातला कचरासुद्धा पिशव्यांत बांधून मागच्या खोलीत ठेवतात, शेवटी तपासून मगच बाहेर. प्रश्न काढणारे आधी येतात; तपासणारे शिक्षक दोन आठवड्यांनी. कुठला प्रश्न कुणाचा हे तपासणाऱ्यांना सांगत नाहीत. आणि या दोन पक्षांनी बैठकीच्या खोलीबाहेर बोलायचं झालं तर मिनसाहेब हजर हवेत.

मिनसाहेब म्हणजे इथल्या पहाऱ्यावरचे निवृत्त पोलीस. त्या सकाळीही ते तांदळाच्या पोत्यावर वही उघडून बसलेले होते.

"हेही लिहिताय?" दानबीने दचकून विचारलं.

"प्रश्नपत्रिकेशी संबंध असेल तर लिहितो."

"मुळ्याचा नाही ना?"

"अजून तरी नाही," मिनसाहेब म्हणाले.

त्या उंच माणसाचं नाव इनसॉक प्यो. गांगनुंगच्या विद्यापीठात शिकवायचा, प्रश्न काढायला पहिल्यांदाच आला होता. दुसऱ्या दिवसापासून दानबी रोज सकाळी स्वयंपाकघरात दिसू लागली. गरम पाणी तर वरच्या मजल्यावरही मिळत होतं, हे मावशींना ठाऊक होतं.  त्यांनी फक्त दुसरी सुरी काढून ठेवली.

पण तिसऱ्याच दिवशी दानबीने हात दाखवून अवलक्षण केलं. बैठकीत उभी राहून तिने एक प्रश्न चूक असल्याचं सांगितलं — आगगाडीचा — आणि मग कळलं की मिनिटांना ती तास समजून बसली होती. खोलीभर हशा पिकला. मंडळाचे प्रमुख नाम सर चष्मा पुसत म्हणाले, "मो मॅडम, शंका घ्यायलाच तुम्हाला बोलावलंय, मान्य. पण आम्हालाही थोडं जगू द्या."

तेव्हापासून ती 'शंकेखोर मॅडम' झाली. जेवताना कुणी मिठाची वाटी पुढे करी आणि म्हणे, "मीठच आहे बरं का, तपासून घ्या." दानबीही हसायची. रात्री मात्र अंथरुणावर पडल्यावर झोप यायची नाही. आपल्याला झालंय तरी काय? पूर्वी ती अशी नव्हती. आता घराचं कुलूप तीनदा ओढून बघायची, गॅस चारदा.

आणि मग एकविसावा प्रश्न आला.

आतून सहा सेंटीमीटर लांब, तेवढंच रुंद, तेवढंच उंच असं एक खोकं. एक सेंटीमीटर जाड, दोन रुंद, चार लांब असे ठोकळे. खोक्यात जास्तीत जास्त किती ठोकळे बसतील?

अर्ध्या मिनिटाचं काम. खोक्याचं घनफळ दोनशे सोळा, ठोकळ्याचं आठ. भागाकार सत्तावीस, बाकी शून्य. बाकीच्या तपासनिसांनी सह्या करून कागद पुढे सरकवलाही. दानबीने पेन टेकवलं, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

तिचे वडील मोक्पोत लोकांचं घरसामान हलवायचे. ट्रकच्या हौद्यासमोर उभे राहून, कमरेवर हात ठेवून म्हणायचे, "जागा आहे. पण बसायचं नाही." मालक वाद घालायचा, फूटपट्टी आणायचा. शेवटी कपाट उरायचंच. हे तुम्हाला कळतं कसं, असं विचारलं की बाबा नुसते तळहात दाखवायचे.

आता तिचे तळहात घामेजले होते. पण "मला वाटतं" हे काही कागदावर लिहिता येत नाही. इथला नियम साधा होता: हरकत घ्यायची तर सिद्धता हवी, लेखी, उद्या दुपारी चारच्या आत. चार वाजता प्रश्नपत्रिकेवर लाखेची मोहर लागणार आणि ती छपाईला जाणार. अकरा हजार मुलं. त्यातलं एखादं हुशार मूल खरंच ठोकळे रचत बसेल, चूक उत्तराला बरोबर मानणार नाही, आणि त्याचेच गुण जातील.

तिने सही केली नाही. ती सरळ स्वयंपाकघरात गेली.

"मावशी, एक मुळा द्या."

"एकच? घे की दोन."

पुठ्ठ्याचं खोकं तिने पट्टीने मोजून बनवलं. मग बारीक सुरीने ठोकळे कापले, एकेक मोजून. सत्तावीस. रचू लागली. सव्वीस बसले, एक उरला. खोक्याच्या कोपऱ्यात दोन-दोन-दोन सेंटीमीटरची पोकळी, घनफळ आठ. हातातल्या ठोकळ्याचंही आठ. पण तो लांबट, आणि पोकळी चौकोनी. तिने सगळं ओतलं, पुन्हा रचलं. पुन्हा एक उरला. कधी दोन उरले, कधी तीन. शून्य कधीच नाही.

"हे काय आहे?" मिनसाहेब मागे येऊन उभे होते.

"मुळा."

त्यांनी वाकून खोकं पाहिलं, पट्टी पाहिली. वही उघडली. "हा आता मुळा राहिला नाही, मॅडम. प्रश्नपत्रिकेचा भाग झाला. बाहेर जाणार नाही."

"बाहेर कुठे जातोय तो?" मावशी कडाडल्या. "पोटात जाईल."

मिनसाहेबांनी विचार केला. "पोटात गेला तर चालेल. नियमांत पोटाबद्दल काही नाही."

तेवढ्यात इनसॉक आत आला. ओट्यावरचं खोकं बघून तो जागीच थांबला, आणि त्याचे कान हळूहळू लाल झाले.

"तुम्ही… माझा प्रश्न कापताय?"

दानबीने सुरी खाली ठेवली. तिला ठाऊक नव्हतं. साठ प्रश्नांतला नेमका हाच याचा का असावा!

"तुमचा आहे?"

"एकविसावा. माझा लाडका." तो उगाच हसला. "बसतात ना सगळे?"

"सव्वीस बसतात."

"द्या इकडे. तुम्ही घाईत रचले असतील." त्याने स्टूल ओढलं. "पैज लावता? बसवले तर उद्या माझ्या वाटचे मुळे तुम्ही सोलायचे."

"आणि नाही बसले तर?"

"तर…" त्याने तिच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. "तर तुम्ही म्हणाल ते."

मिनसाहेबांचं पेन कागदावर कुरकुरलं.

पहिल्या डावाला तो शीळ घालत होता. तिसऱ्या डावाला शीळ थांबली. सातव्या डावाला त्याने घड्याळ काढून बाजूला ठेवलं. दोघांची डोकी खोक्यावर वाकलेली. एकाच ठोकळ्याला दोघांची बोटं लागत, आणि दोघंही ती लगबगीने मागे घेत… ओल्या मुळ्याचा उग्र वास, आणि त्याच्या स्वेटरला येणारा साबणाचा वास. दानबीला वाटलं, बसू दे हा शेवटचा. बसला तर तो हसेल आणि सगळं पहिल्यासारखं होईल. आणि त्याच वेळी हेही वाटत होतं की, बसायचा नाही हा.

"असेल एखादी मांडणी," शेवटी तो म्हणाला. आवाजातली मस्करी गेली होती. "आपल्याला सापडत नाही म्हणजे नाहीच, असं कुठे आहे?"

"नाही. तसं म्हणता येत नाही."

"मग सोडून द्या ना. सगळ्यांनी सह्या केल्यात. तुम्हीच का…" तो थांबला. "सॉरी."

दानबी ओट्यावरचं पाणी फडक्याने टिपत राहिली.

"गेल्या वर्षी माझे बाबा म्हणाले, छातीत जळजळतंय, ॲसिडिटी असेल. मला तसं वाटलं नव्हतं. त्यांचा रंग बरा दिसत नव्हता. पण ते हसत होते आणि मला शाळेची घाई होती. मी म्हटलं, बरं." फडकं तिने पिळलं. "एवढंच. तेव्हापासून मला 'बरं' म्हणता येत नाही."

 पातेल्यात काहीतरी रटरटत होतं. मिनसाहेबांनी पेनला टोपण लावलं.

"याचा प्रश्नपत्रिकेशी संबंध नाही," ते म्हणाले, आणि उठून दाराबाहेर जाऊन त्यांच्याकडे पाठ करून उभे राहिले.

इनसॉकने खोकं पुन्हा ओतलं. "चला. आणखी एकदा," तो हलकेच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजले तरी सिद्धता नव्हती. बाहेर बारीक बोचरा पाऊस. कागद लावलेल्या काचांमागून नुसता आवाज येत होता. दानबीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. बैठकीत जायचं आणि काय सांगायचं? मुळा बसत नाही? नाम सरांचा चष्मा तिला आतापासून दिसत होता. आणि इनसॉक? नाम सर त्याचे वरिष्ठ. त्यांनीच त्याचं नाव मंडळाला सुचवलं होतं. प्रश्न रद्द झाला तर सगळ्यांच्या देखत त्याची मान खाली जाणार. आणि ती खाली घालायला लावणार कोण, तर दानबीच.

ती स्वयंपाकघरात आली तेव्हा मिनसाहेब पोत्यावर होतेच, आणि मावशी काक्दुगीचं लोणचं कालवत होत्या. मुळ्याच्या चौकोनी फोडी, मोठ्या परातीत. निम्म्यांना तिखट चोळून लालभडक केलेलं, निम्म्या पांढऱ्याच.

"ह्या कोऱ्या का ठेवल्यात?"

"तुमच्या नाम सरांसाठी. तिखट सोसत नाही त्यांना. दुसऱ्याला बोलायचं तेवढं तिखट सोसतं." मावशींनी एक फोड पुढे केली. "खा काहीतरी. चेहरा बघ, फोडीसारखा झालाय."

दानबीने फोड हातात घेतली. दोन सेंटीमीटर लांब, दोन रुंद, दोन उंच. मावशींचा हात पट्टीसारखा होता. तिने ती तोंडात टाकली नाही. पोकळीच्या मापाची फोड… अशा तीन ओळी, तीन रांगा, तीन थर. सत्तावीस. तिने खोकं ओढलं आणि फोडी ठेवू लागली. एक लाल, एक पांढरी, एक लाल. शेजारी पांढरी. वर पांढरी. कुठल्याही लालशेजारी लाल नाही.

इनसॉक कधी येऊन उभा राहिला ते तिला कळलंच नाही.

"लाल किती?" त्याने एकदम विचारलं. आवाज चमत्कारिक झाला होता.

"चौदा. पांढऱ्या तेरा."

"आणि ठोकळा…"

"चार लांब आहे," ती म्हणाली. बोटाने ती एकेक फोड दाखवत होती. "दर दोन सेंटीमीटरला रंग बदलतो. म्हणजे ठोकळा आडवा ठेवा, उभा ठेवा, अध्येमध्ये सरकवा… त्याच्या वाट्याला निम्मा लाल येणार, निम्मा पांढरा. नेहमी."

"तिरका ठेवला तर?"

"सत्तावीस बसवायचे तर तसूभर जागा वाया घालवून चालणार नाही. तिरक्याला ती चैन नाही."

"म्हणजे सत्तावीस ठोकळ्यांनी खोकं भरलं असतं, तर लाल आणि पांढरं समसमान हवं होतं."

"आणि ते नाहीये. चौदा आणि तेरा."

 इतकं साधं. सव्विसांनंतर एका लाल फोडीएवढी जागा उरणारच, कुणीही रचलं तरी, कितीही रचलं तरी. तिचं खूळ नव्हतं ते. तिने ओट्याची कड धरली.

इनसॉक खोक्याकडे बघत उभा होता. जबडा आवळलेला. आता हा काय म्हणेल, असं दानबीला वाटलं. राहू द्या म्हणेल? रागाने निघून जाईल? तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

"लिहा," तो म्हणाला.

"प्यो सर, तुम्हाला त्रास होईल."

"होईल." त्याने खिशातून पेन काढून तिच्यासमोर ठेवलं. "मी चौदा दिवस आत बसून एक ठोकळासुद्धा करून पाहिला नाही. भागाकार केला, आणि बाकी शून्य आली म्हणून खूश झालो. लिहा लवकर. तुमचं लिहिणं सावकाश असतं."

बैठकीत ती उभी राहिली तेव्हा कुणीतरी हळूच म्हणालं, "आली शंकेखोर."  पण कागद वाचला गेला, आणि खोली हळूहळू शांत होत गेली. नाम सरांनी तो दोनदा वाचला.

"प्यो सर, प्रश्न तुमचा. काही म्हणणं?"

इनसॉक उभा राहिला. "म्हणणं एवढंच की मॅडम बरोबर आहेत. आणि मी चुकलो."

नाम सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. पंधरा वर्षांच्या मुलांना हे रंगांचं प्रकरण जड जाईल, म्हणून प्रश्न काढून राखीवातला दुसरा घातला गेला. चारला पाच मिनिटं असताना लाख लागली.

त्यानंतर परीक्षेपर्यंत सहा दिवस नुसतं बसून राहायचं होतं. दानबीपुढे आता कुणी चेष्टेने मिठाची वाटी करत नव्हतं. पण इनसॉक स्वयंपाकघरात यायचा थांबला. जिन्यात भेटला की मान लववायचा आणि भिंतीच्या कडेने निघून जायचा. दानबी एकटीच मुळे सोलायची. साल पातळ निघायची, आणि ते बघायला कुणी नसायचं. पाऊल वाजलं की ती दाराकडे बघे. बरोबर ठरल्याचा आनंद दीड दिवस टिकला. मग फक्त हा घोर उरला, की सगळ्यांदेखत त्याला खाली बघायला लावलं, आता तो कशाला येईल?

"तूच जा की त्याच्याकडे," मावशी म्हणाल्या.

"आणि काय बोलू?"

"ते मला काय विचारतेस? मी मुळेवाली."

ती गेली नाही. दोनदा त्याच्या मजल्यापर्यंत जाऊन परत आली.

परीक्षेच्या दिवशी पाच वाजता फाटकावरचा फोन खणखणला, मिनसाहेबांनी "झालं!" म्हटलं आणि फाटक उघडलं. एवढ्या दिवसांनी पूर्ण आकाश दिसलं. अंगणातल्या झाडाची पानं सगळी गळून गेली होती. फोनच्या पिशव्या वाटल्या गेल्या, आणि जो तो कानाला फोन लावून ओरडून बोलू लागला. दानबीने आपला सुरू केला. शाळेचे निरोप, भावाचे. यादीत बाबांचं नाव तिने अजून ठेवलं होतं. तिने फोन खिशात टाकला आणि बसथांब्याकडे उतरू लागली.

"मो मॅडम!"

तो धावत आला होता. सामानाची पिशवी एका खांद्यावर, मफलरचं एक टोक जमिनीला लागत होतं.

"तुमची बस कुठली?"

"मोक्पोची. साडेसहा." तिला स्वतःचाच आवाज कोरडा वाटला. मग राहवलं नाही. "तुम्ही रागावला आहात ना?"

"मी? तुमच्यावर?" तो थक्क होऊन बघत राहिला. "मला लाज वाटत होती हो. ज्या बाईसमोर शहाणपणा मिरवायचा होता, तिच्याचसमोर एवढा मूर्ख ठरलो. रोज स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येत होतो."

"आणि?"

"आणि परत जात होतो."

दानबी मफलरच्या टोकाकडे बघत होती. दोनदा चढून उतरलेले ते जिने तिला आठवले.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. एका दमात, जणू थांबला तर राहूनच जाईल. "पहिल्या दिवसापासून. माझी बस सहाची आहे, गांगनुंगची. तिथे समुद्राजवळ एक खानावळ आहे, माशाचं कालवण चांगलं असतं. चला ना."

"आत्ता?"

"आत्ता."

"उघडी असेल ती?"

"माहीत नाही."

"रात्री मोक्पोला परत जायला काही मिळेल?"

"नाही बहुतेक. माझी बहीण शेजारीच राहते, तिच्याकडे सोय होईल. तिला विचारलेलं नाही. माझा फोन अजून सुरू होत नाहीये."

"म्हणजे एकाही गोष्टीची खात्री नाही."

"एकाही नाही," तो कबूल झाला. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते.

खालच्या वळणावर बसचे दिवे दिसले. पाटीवर गांगनुंग. दानबीच्या मनात तीच ओळखीची शंका आली. शंका गेली नाही. तिने ती जाण्याची वाटही पाहिली नाही. बस थांबली, दार उघडलं. इनसॉक तिच्याकडे बघत तसाच उभा राहिला, एक पाऊल पुढे न टाकता.

दानबीने जमिनीला लागलेलं मफलरचं टोक उचललं, झटकलं, त्याच्या खांद्यावर टाकलं, आणि त्याच्या आधी पायरी चढली.

"ये ना," मागे वळून ती म्हणाली, "खिडकी तुला की मला?"